बिझनेस स्कूलचा प्रवेशनिबंध : दुकान लपवू नका, नीट मांडा

मुलगा बी. कॉम. किंवा इंजिनिअर होतो, चार वर्षे नोकरी करतो किंवा घरच्या धंद्यात बसतो आणि मग एक दिवस वडिलांना म्हणतो, ''अब्बा, मला एम. बी. ए. करायचे आहे, बाहेर जाऊन.'' प्रवेशपरीक्षेत त्याला चांगले गुणही मिळतात. पण अर्ज भरायला बसल्यावर गाडी अडते. अर्जात दोन-तीन प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहायची असतात. चार-चार रात्री जागूनही कागद कोराच राहतो. शेवटी कुणीतरी सांगते की अमुक ठिकाणी पैसे भरले की निबंध लिहून मिळतो.

अशा घरांतून आमच्याकडे वरचेवर विचारणा होते. 'निबंध' हा शब्द ऐकून वडीलधाऱ्यांना शाळेतला 'माझा आवडता सण' आठवतो. एवढ्याशा गोष्टीवर लाखो रुपयांचा निर्णय कसा ठरतो, हे त्यांना उमगत नाही. म्हणून हा निबंध नेमका काय असतो, तो का मागतात आणि व्यापारी व कारागीर घरातल्या मुलामुलींनी तो कसा लिहावा, याचा विचार आज या पानावर करू.

निबंध कुठे लागतो, कुठे नाही

आधी एक गोंधळ दूर करू. महाराष्ट्रातील बहुतेक एम. बी. ए. महाविद्यालयांत प्रवेश राज्याच्या सीईटीच्या गुणांवर होतो. तिथे निबंधाचा प्रश्न येत नाही. आय. आय. एम. संस्थांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आधी कॅट परीक्षा असते. तिच्यानंतर अनेक संस्था मुलाखतीच्या वेळी एखाद्या विषयावर जागेवरच थोडे लिहून घेतात. ती विचारांची परीक्षा असते. तिथे आपली कहाणी सांगायची नसते.

खरा प्रवेशनिबंध लागतो तो परदेशातील बिझनेस स्कूलमध्ये आणि आपल्याकडे अनुभवी उमेदवारांसाठी असलेल्या काही अभ्यासक्रमांत. हैदराबाद आणि मोहालीची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस हे त्याचे ठळक उदाहरण. अशा ठिकाणी जीमॅट किंवा जीआरई या परीक्षांचे गुण चालतात. जीमॅटमध्ये पूर्वी एक लेखी निबंध असे. २०२४ पासून जीमॅट नव्या स्वरूपातच होते आणि त्यात तो निबंध नाही. जीआरईमध्ये मात्र ३० मिनिटांचा एक निबंध आजही आहे. पण तोही दिलेल्या विषयावरचा युक्तिवाद असतो. अर्जाबरोबरचा निबंध वेगळा. त्यात विषय आपण स्वतः असतो.

शाळा काय विचारतात

अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झाले. बरीच वर्षे तिथे एकच मोठा खुला प्रश्न विचारत असत : तुमच्याविषयी आम्हांला आणखी काय कळावे असे तुम्हांला वाटते? २०२४ मध्ये त्यांनी पद्धत बदलली आणि एका मोठ्या निबंधाऐवजी तीन छोटे निबंध मागितले. पहिला, तुमच्या अनुभवातून तुमचे व्यवसायाविषयीचे निर्णय आणि पुढच्या आकांक्षा कशा घडल्या. मर्यादा ३०० शब्द. दुसरा, तुम्ही इतरांसाठी कोणती गुंतवणूक केली, नेतृत्व कसे केले, २५० शब्द. तिसरा, तुमच्या कुतूहलाने तुम्हांला कसे वाढवले, २५० शब्द.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचा प्रश्न अनेक वर्षे प्रसिद्ध आहे : तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय आणि का? दुसरा प्रश्न, आमचीच संस्था का? अलीकडच्या वर्षांत पहिल्यासाठी सुमारे ६५० आणि दुसऱ्यासाठी ३५० शब्द सुचवले गेले आहेत. प्रश्न आणि शब्दमर्यादा दरवर्षी बदलू शकतात. म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची सूचना संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

प्रश्नांची भाषा वेगळी असली तरी मुळात गोष्टी तीनच विचारल्या जातात. तुम्ही आजवर स्वतः काय केले? ते का केले? आणि आता शिकून काय करणार?

हे विचारण्यामागे कारण आहे. अर्जदार हजारो असतात आणि गुणपत्रिका एकमेकींसारख्या दिसतात. हार्वर्डसारख्या ठिकाणी शिकवण्याची रीत चर्चेची आहे. सुमारे ९० विद्यार्थ्यांचा वर्ग बसतो, एखाद्या कंपनीपुढची खरी अडचण सर्वांपुढे ठेवली जाते आणि विद्यार्थीच आपापल्या अनुभवातून बोलतात. बोलायला ज्याच्यापाशी काही नाही, त्याचा त्या वर्गाला उपयोग नाही. तेव्हा निबंध वाचणारा हेच पाहत असतो की हा मुलगा किंवा ही मुलगी वर्गात काय घेऊन येईल.

आमची मुले कुठे चुकतात

सर्वांत मोठी चूक ही की आमची मुले दुकान लपवतात. बापाचा भंगाराचा धंदा, आजोबांची गादी-रजईची पिंजण, मामूंचे बांगड्यांचे दुकान, बागवान गल्लीतली फळांची आडत, यांची त्यांना लाज वाटते. मग निबंधात 'जागतिक अर्थव्यवस्था', 'नेतृत्वाची आवड', 'लहानपणापासूनचे स्वप्न' असे शब्द येतात. असले निबंध वाचणाऱ्याने शेकड्यांनी वाचलेले असतात.

खरे तर मोठ्या कंपन्यांतून आणि बँकांतून आलेले विद्यार्थी त्या वर्गांत पुष्कळ असतात. ज्याने उधारीची वसुली केली, पावसात भिजलेला माल घेऊन ग्राहकाची समजूत काढली, ईदच्या आधी कारागिरांचा पगार कुठून काढायचा याची रात्रभर चिंता केली, असा विद्यार्थी त्यांत विरळा. हा अनुभव प्रवेशाची हमी देत नाही. पण तो आपला स्वतःचा आहे आणि दुसऱ्या कुणाच्या निबंधात सापडणार नाही.

एक नमुना पाहू. समजा, मालेगावच्या यंत्रमाग घरातला एक तरुण अर्ज करतो आहे. पहिल्या खर्ड्यात तो लिहितो :

''माझे वडील यशस्वी उद्योजक आहेत. त्यांच्याकडून मी कष्टाचे महत्त्व शिकलो. आमच्या वस्त्रोद्योगात मी अनेक सुधारणा घडवून आणल्या व उत्पादन वाढवले. माझ्यात नेतृत्वाचे गुण आहेत.''

यात एकही वाक्य खोटे नसेल, पण एकही वाक्य त्याचे एकट्याचे नाही. कोणत्याही गावच्या कोणत्याही मुलाच्या नावाखाली ते खपेल. आता त्याच तरुणाने वही काढून, आठवून लिहिले तर ते असे होईल. मजकूर अर्थातच आम्ही नमुन्यासाठी रचला आहे :

''आमच्या घरी १२ माग आहेत. सूत व्यापाऱ्याचे, विणणे आमचे, मजुरी मीटरवर. २०२१ मध्ये दोन महिन्यांत चार कारागीर सोडून गेले. अब्बा म्हणाले, हल्लीच्या पोरांना काम नको. मी तीन महिने रोज प्रत्येक माग किती वेळ आणि का बंद राहिला, हे वहीत लिहिले. निम्मा बंद वेळ भरलेले बीम वेळेवर न आल्यामुळे जात होता. कारागिराला पैसे मीटरवर मिळतात, म्हणजे आमच्या ढिलाईचा तोटा तो सोसत होता. साइझिंगवाल्याशी अब्बांचा पंधरा वर्षांचा घरोबा, त्यांना तो तोडायचा नव्हता. मी एवढेच सुचवले की बीम संपण्याच्या दोन दिवस आधी निरोप द्यायचा आणि एक बीम कायम जादा ठेवायचा. बंद वेळ कमी झाला. चारपैकी दोन कारागीर परत आले. दोन आले नाहीत, कारण मजुरीचा दर व्यापारी ठरवतो आणि तो मी बदलू शकलो नाही.''

हा मजकूर चांगला का? यात आकडे आहेत, पण फुशारकी नाही. मुलाने स्वतः काय केले, हे स्पष्ट आहे. वडिलांशी मतभेद झाला, तरी त्यांचा मान राखून मार्ग काढला. सर्वांत महत्त्वाचे, शेवटी अपयश कबूल केले आहे. त्या अपयशातूनच पुढचा प्रश्न निघतो : छोटे मागवाले व्यापाऱ्याच्या दरावर किती दिवस जगणार? स्वतः सूत घेऊन, स्वतःचे कापड विकायचे तर भांडवल, बाजारपेठ आणि हिशेब यांचे कोणते शिक्षण लागेल? 'मला तुमच्या शाळेत का यायचे आहे' या प्रश्नाचे उत्तर इथे आपोआप तयार होते.

'आम्ही' आणि 'मी'

घरच्या धंद्यात वाढलेल्या मुलांना 'मी' म्हणायची सवय नसते. दुकान सर्वांचे, म्हणून ती 'आम्ही केले' असे लिहितात. संस्कार म्हणून हे चांगलेच आहे. पण निबंध वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की यात याचे काम कोणते? म्हणून लिहिताना वाटणी स्पष्ट करावी. अब्बांनी दुकान उभे केले, भाईजानने खरेदी सांभाळली, मी जीएसटीची विवरणे आणि वसुली पाहिली. जे वडिलांचे ते वडिलांच्या नावावर ठेवावे. दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय घेणे ही अमानतीत खयानत आहे, आणि मुलाखतीत दोन खोल प्रश्न विचारले की ती उघडीही पडते.

याच संदर्भात शिफारसपत्राची अडचण सांगायला हवी. बहुतेक संस्था शिफारसपत्रे मागतात आणि तुमचे काम जवळून पाहिलेल्या वरिष्ठाने ती द्यावीत अशी अपेक्षा असते. घरच्या धंद्यात वरिष्ठ म्हणजे वडील किंवा चाचा. नातेवाइकांची शिफारस चालत नाही किंवा तिला वजन नसते. अशा वेळी जुना पुरवठादार, नियमित मोठा ग्राहक, धंद्याचे हिशेब पाहणारे सी. ए. यांना विनंती करावी. त्यांनी तुमचे काम पाहिलेले असते आणि ते रक्ताच्या नात्यातले नसतात.

अडचणींबद्दल कसे लिहावे

आमच्या वस्त्यांनी बरेच काही पाहिले आहे. १९९२-९३ च्या दंगलीत दुकाने जळाली. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत रोख मजुरीवर चालणारे भिवंडी-मालेगावचे माग थंडावले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय कारागीर पायी गावी निघाले. हे लिहावे की नाही, असे मुले विचारतात.

आमचे मत असे की जे तुमच्या घरावर खरेच आले ते जरूर लिहावे, पण दयेसाठी लिहू नये. निबंध हे गाऱ्हाण्याचे पत्र नव्हे. अडचण दोन वाक्यांत सांगावी आणि त्या अडचणीत आपण काय केले, हे पुढच्या दहा वाक्यांत सांगावे. टाळेबंदीत दुकान बंद पडले, ही सर्वांची हकीकत. मोहल्ल्यातील २० दुकानदारांची यादी करून फोनवर मागणी घेतली आणि माल घरपोच केला, ही तुमची हकीकत.

आपल्या मुस्लिम असण्याविषयीही हेच. ते लपवू नये आणि उगाच मिरवूही नये. मशिदीच्या कमिटीचे हिशेब तुम्ही कागदावर आणले असतील, जकातीच्या रकमेचे वाटप नोंदीसह केले असेल, कर्जे हसना देणारा छोटा फंड चालवला असेल आणि परतफेड चुकू नये म्हणून काही रीत बसवली असेल, तर ते व्यवस्थापनाचेच काम आहे. कुणाला किती मदत द्यायची हे ठरवताना काय पेच पडला, तो कसा सोडवला, हे लिहा. नेतृत्वाच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. घरात बसून केलेले भरतकाम, शिलाई, मसाले किंवा मेंदीच्या ऑर्डरी यांना घरचेच 'धंदा' म्हणत नाहीत, म्हणून मुलीही अर्जात लिहीत नाहीत. अम्मीच्या हाताखालच्या पाच बायकांचे काम, दर, मुदत आणि पैसे तुम्ही सांभाळले असतील, तर तो अनुभव कार्यालयातल्या नोकरीपेक्षा कमी नाही. तो लिहा.

पुढे काय करणार, हे आधी घरात ठरवा

'शिक्षणानंतर काय' या प्रश्नावर 'मोठ्या कंपनीत काम करून जगाचा अनुभव घेणार' असे मोघम लिहून चालत नाही. शिक्षण संपल्यावर लगेच काय आणि त्यानंतर आठ-दहा वर्षांनी काय, असे दोन्ही टप्पे सांगावे लागतात आणि पहिल्यातून दुसरा निघताना दिसावा लागतो.

हा प्रश्न शाळेचा म्हणून सोडू नका. तो घरचाही आहे. हार्वर्डची एका वर्षाची नुसती फी ७० हजार डॉलरपेक्षा जास्त आहे. राहणे-जेवणे धरले तर दोन वर्षांचा खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो. संस्था गरजेनुसार मदत देतात, पण ती सर्वांना आणि पुरेशी मिळेलच असे नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजासाठी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना होती, ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे. अनेक घरांना व्याजाच्या कर्जाचा प्रश्न दीन म्हणूनही सतावतो. तेव्हा मुलगा परत येऊन धंदा पाहणार की नोकरी करून कर्ज फेडणार, हे अब्बा-अम्मींसमोर बसून आधी बोलून घ्यावे. निबंधात एक आणि घरात दुसरे, असे झाले तर दोन्हीकडे अडचण होते.

घरचाच धंदा पुढे न्यायचा असेल, तर परदेशाचा हट्ट का, हेही स्वतःला विचारावे. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये घरच्या व्यवसायातील पुढच्या पिढीसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. आणि डिग्रीशिवाय धंदा वाढत नाही असेही नाही. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली सुरू झालेल्या तेलाच्या कारखान्याचे पुढे विप्रो झाले. १९६६ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकत होते. २१ व्या वर्षी शिक्षण अर्धे ठेवून ते परतले आणि कारखाना हाती घेतला. अपुरी राहिलेली पदवी त्यांनी बऱ्याच वर्षांनी पूर्ण केली.

लिहायचे कसे

आता प्रत्यक्ष कामाच्या गोष्टी.

एक. परदेशी संस्थांच्या मुदती लवकर असतात. हार्वर्डची पहिली फेरी साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला संपते. निबंधासाठी निदान दोन महिने हाताशी ठेवावेत.

दोन. लिहिण्याआधी किर्द, खतावणी, जुनी बिले आणि मोबाईलमधले निरोप घेऊन बसावे. नेमका आकडा आणि नेमका प्रसंग तिथे सापडतो.

तीन. पहिला खर्डा मराठीत, उर्दूत किंवा घरात जे बोलता त्या भाषेत लिहावा. इंग्रजीत विचार करायला गेले की पाठ केलेली वाक्ये येतात. मजकूर पक्का झाल्यावर साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत आणावा.

चार. एका निबंधात एकच मुख्य प्रसंग घ्यावा. ३०० शब्दांत सगळे आयुष्य मावत नाही. शब्दमर्यादा ओलांडू नये.

पाच. 'यंत्रमाग', 'आडत', 'साइझिंग' हे तिकडच्या वाचकाला ठाऊक नसते. अशा शब्दाचा अर्थ अर्ध्या वाक्यात सांगावा.

सहा. एका संस्थेसाठी लिहिलेला मजकूर नाव बदलून दुसरीकडे पाठवू नये. प्रश्न वेगळा असतो आणि कधी कधी नाव बदलायचेही राहून जाते.

सात. लिहून झाल्यावर दोघांना वाचायला द्यावे. एक इंग्रजी चांगले जाणणारा आणि दुसरा तुम्हांला चांगले जाणणारा. पहिला भाषा सुधारील. दुसऱ्याला एवढेच विचारावे, ''यात मी दिसतो का?''

विकतचा निबंध नको

पैसे घेऊन निबंध लिहून देणारे शहरोशहरी बसले आहेत. आता संगणकाला सांगितले तरी दोन मिनिटांत गुळगुळीत इंग्रजी मिळते. सल्ला घेणे, व्याकरण तपासून घेणे वेगळे आणि दुसऱ्याकडून लिहून घेणे वेगळे. अर्जातील मजकूर खरा आणि माझाच आहे, असे अर्जदाराकडून लिहून घेतले जाते. पुढे मुलाखत असते, अनेक संस्था दिलेल्या माहितीची पडताळणीही करतात. खोटे आढळले तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. शिवाय जो निबंध कुणालाही विकता येतो, तो कुणाचाच नसतो. खोट्या वजनाने माल विकू नये हे आपण मुलांना गल्ल्यावर बसवताना शिकवतो. अर्जावरही तेच लागू आहे.

शेवटी एक विनंती वडीलधाऱ्यांना. मूल अर्ज भरत असेल, तर एक संध्याकाळ दुकान लवकर बंद करा आणि त्याच्याबरोबर बसा. धंदा कसा सुरू झाला, कुठे बुडाला, कुणी हात दिला, त्याने स्वतः कोणते काम अंगावर घेतले, हे आठवून सांगा. त्याला चार-पाच पाने लिहून घेऊ द्या. प्रवेश मिळणे न मिळणे अल्लाहच्या हाती आहे, आणि चांगले निबंधही परत येतात. पण त्या संध्याकाळी मुलाला आपल्या धंद्याचा जो हिशेब कळेल, तो इन्शाअल्लाह वाया जाणार नाही. तो मग परदेशी जावो की उद्या सकाळी दुकानाचे शटर उघडो.